सूर धरणारी माणसं

लग्नातल्या सनईच्या ताफ्यात एक माणूस असतो. त्याच्या हातातलं वाद्य दिसायला सनईसारखंच, पण तो त्यावर गाणं वाजवत नाही. एकच स्वर धरून बसतो. नवरी मांडवात येईपर्यंत, अक्षता पडेपर्यंत, पंगती उठेपर्यंत तोच स्वर. त्या वाद्याला 'सूर' म्हणतात आणि वाजवणाऱ्याला आमच्याकडं सुरवाला. लोक सनईवाल्याला बक्षिसी देतात, संबळवाल्याला देतात, सुरवाल्याच्या हातावर उरलेली चिल्लर पडते. माझे मोठे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, चाळीस वर्षं सूर धरत होते. गालात हवा साठवायची आणि ती फुंकत असतानाच नाकानं श्वास घ्यायचा, म्हणजे स्वर तुटत नाही. लहानपणी ते मला पपईच्या देठाची नळी पेल्यातल्या पाण्यात धरून बुडबुडे काढायला लावायचे. बुडबुडे थांबले की टपली. मला ते कधी जमलं नाही. मी कविता करायला लागलो.

सनई वाजवणारे अण्णा वारले तसा ताफा मोडला. संबळवाला पुण्याकडं एका कंपनीत लागला. मंगल कार्यालयात कॅसेट आली, मग सीडी, आता मोबाइल जोडतात. सनईवाला एकटा बसून वाजवू शकतो, संबळवालाही वाजवू शकतो. सुरवाल्यानं एकट्यानं काय वाजवायचं? हा प्रश्न मी मोठे अब्बांना कधी विचारला नाही. खरं सांगायचं तर मला तो पडलाच नव्हता. पडला तो घरापासून हजारो किलोमीटर लांब, एका परक्या गावातल्या सभागृहात. त्या संध्याकाळीबद्दल आज बोलायचं आहे.

जॉर्जिया म्हटलं की आपल्याला अमेरिकेतलं राज्य आठवतं. हा जॉर्जिया तो नव्हे. काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वताच्या कुशीतला हा देश. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत, आणि १९९१ पर्यंत सोव्हिएत संघाचा भाग. माझी भाची तिथं, राजधानी तिबिलिसीत, डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची पुष्कळ मुलं शिकतात. २०२३च्या ऑक्टोबरात बहिणीनं मला पाठवलं. मुलगी काय खाते, कुठं राहते, बघून ये म्हणाली. मुलगी छान होती, माझ्यापेक्षा चांगली भाकरी थापत होती. दोन दिवसांत माझं काम संपलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मामू, इथलं गाणं ऐकायचंय? पण आधीच सांगते, वाद्यं नसतात."

सभागृह लहान होतं, दोनेकशे खुर्च्यांचं. ध्वनिक्षेपक नव्हता. दहा पुरुष आले आणि अर्धगोल करून उभे राहिले. अंगात चोखा नावाचा लांब, कमरेत आवळलेला अंगरखा, छातीवर काडतुसांसाठी शिवलेल्या खोबणींची रांग, पायात मऊ चामड्याचे बूट. एक अगदी पोरगेलासा, एक सत्तरीचा, एक इतका जाडा की त्याचा अंगरखा पुढं मिटत नव्हता. पुढं काठी घेऊन उभा राहणारा कुणी नाही. मधल्या एकानं ओठातल्या ओठात स्वर दिला, बाकीच्यांनी मान हलवली आणि सुरुवात झाली. पहिलं गाणं 'म्रावलझामिएर'. या शब्दाचा अर्थ 'पुष्कळ वर्षं', आपल्या 'शतायुषी भव'सारखा.

त्या पहिल्या गाण्याला मी चुकलो. म्हणजे ऐकायला चुकलो. आपला कान गवई शोधतो. मुख्य गाणारा कोण, हे एकदा ठरलं की बाकीचे साथीदार. मी या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत होतो आणि मुख्य गाणारा काही सापडत नव्हता. एकानं ओळ सुरू केली म्हणून त्याला धरलं, तर दुसरा त्याच्या डोक्यावरून वेगळीच ओळ घेऊन निघाला. त्याच्यामागं गेलो, तर खाली सात-आठ जणांनी धरलेला स्वर जमिनीसारखा सरकला. गाणं संपलं तेव्हा मी दमलो होतो. भाची हसत होती. "तिन्ही एकदम ऐका, मामू. एकेक नका ऐकू."

हे बोलणं तिचं सोपं, पण आपल्याला अवघड. आपल्याकडं शंभर वारकरी अभंग म्हणतात तेव्हा शंभर जण एकच चाल म्हणतात. दर्ग्यातल्या कव्वालीतही मागचे लोक पुढच्याचीच ओळ उचलतात. आपलं सगळं संगीत एका ओळीचं आणि त्या एका ओळीत आपण समुद्र भरला आहे, यात शंका नाही. जॉर्जियात साधं शेतातलं गाणंसुद्धा तीन ओळींचं असतं, तिन्ही एकाच वेळी चालणाऱ्या. एका आवाजाला म्हणतात म्त्कमेली, म्हणजे सांगणारा. दुसरा मोदझाखिली, हाकेला हाक देणारा. आणि तिसरा बानी, खालचा. बाराव्या शतकाच्या आसपास इओआने पेट्रित्सी नावाच्या तत्त्वज्ञानं या तीन आवाजांचा उल्लेख करून ठेवला आहे, इतकी ही रीत जुनी. युनेस्कोनं २००१ साली या गायकीला मानवजातीच्या मौखिक वारशाचा मान दिला आणि २००८ मध्ये आपल्या यादीत तिचा समावेश केला.

वरचे दोन आवाज बहुधा एकेकाचे. बानी मात्र सगळ्यांची. ज्याला फार गाता येत नाही तोही बानीत उभा राहतो. मला तिथंच मोठे अब्बा दिसले. फरक एवढाच की त्या सात-आठ जणांकडं कुणी चिल्लर देण्याच्या नजरेनं बघत नव्हतं.

दर डोंगराआड गाणं बदलतं. पूर्वेकडचा काखेती हा द्राक्षांचा प्रांत. तिथली बैठकीची गाणी संथ, खालच्या धरलेल्या स्वरावर वरचे दोघे नक्षी काढत जाणारी. उत्तरेला स्वानेती. दगडी बुरुजांची घरं, वर्षातले कित्येक महिने बर्फ. तिथं तिन्ही आवाज एकमेकांचे हात धरून पाऊल टाकतात, कडा उतरताना टाकावं तसं. त्यांच्याकडं मयतीला पुरुष मंडळी 'झारी' गातात. त्यात शब्दच नसतात, नुसते ध्वनी. त्या रात्री त्यांनी एक झारी गायली. मी कवी आहे, शब्दांवर पोट नसलं तरी जीव आहे, पण त्या चार मिनिटांत मला एकाही शब्दाची उणीव भासली नाही, हे कबूल करतो.

आणि आणखी एक. यांचे दोन आवाज कधी कधी इतके जवळ येतात की ते भांडताहेत असं वाटतं. पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्यावर जे होतं ते. शिवाय त्यांचे स्वर पेटीच्या पट्ट्यांत नीट बसतही नाहीत, मधेच कुठं तरी असतात. आपला गायक असा बेसूर चुकून झाला तर जीभ चावेल. हे लोक तिथं मुद्दाम थांबतात. दोन स्वर एकमेकांना घासत राहतात, अंगावर काटा येतो, आणि मग शेवटी तिन्ही आवाज एका स्वरावर येऊन मिळतात. भांडण मिटलं असं म्हणवत नाही. ते गाण्यात हवंच होतं.

कार्यक्रमपत्रिकेत पुढचं नाव वाचताना भाची जरा अडखळली. "खासानबेगुरा. मामू, हे हसनबेगाचं आहे." पश्चिमेकडच्या गुरिया प्रांताचं हे फार गाजलेलं गाणं. हसनबेग जॉर्जियनच, पण ऑटोमन तुर्कांच्या बाजूनं आपल्याच लोकांवर चालून आलेला. १८५३ ते ५६च्या क्रिमियन युद्धाच्या काळातली ही कथा. तो हरला त्याचं हे गाणं.

मला माझी शाळा आठवली. स्नेहसंमेलनात अफझलखानाच्या वधाचा पोवाडा असायचा. माझा आवाज खडा, म्हणून गुरुजींनी मला झील ओढायला घेतलं होतं. शाहिरानं ओळ टाकली की मागच्यांनी 'जी जी रं जी' करून ती उचलायची. खानाचा कोथळा निघाला त्या कडव्याला सभागृहातली सगळी डोकी माझ्याकडं वळली. शिवाजी महाराज जितके त्यांचे तितके माझे, पण हे नवव्या वर्षी सांगता येत नाही. मी झील सोडली नाही. उलट इतरांपेक्षा जोरात ओढली, घसा बसेपर्यंत. घरी आल्यावर मोठे अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "सुरात होतास ना?"

तर ते गाणं सुरू झालं. गुरियाची गाणी म्हणजे तीन माणसं तीन वाटांनी पळत सुटावीत आणि प्रत्येक वळणावर नेमकी एकमेकांना धडकावीत, पण कुणी पडू नये. सगळ्यात वर क्रिमानचुली नावाचा आवाज. गळ्यातून उड्या मारत जाणारा, कोंबड्याच्या आरवण्याची आठवण करून देणारा. तो त्या जाड्या माणसाच्या गळ्यातून निघाला यावर माझा विश्वास बसेना. शब्द थोडे, बाकी अर्थ नसलेले ध्वनी. हसनबेगाचं नाव सुरुवातीला ऐकू आलं असेल-नसेल. मी ज्याची वाट बघत होतो तो राग काही आला नाही. गाऊन गाऊन तो झिजून गेला असावा, आणि शिल्लक राहिलं ते तीन माणसांचं खेळणं.

गुरियाला लागूनच अजारा प्रांत आहे. तिथं जॉर्जियन मुसलमानांची मोठी वस्ती. ऑटोमन अमलात त्यांचा धर्म बदलला, भाषा बदलली नाही. गाणंही नाही. शेत खणताना गायची 'नादुरी' गाणी तिकडंही आहेत, आणि ती तर चार-चार आवाजांची. हे ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. माझी तीन पुस्तकं मराठीत आहेत, बार्शीच्या शाहीर अमर शेखांचा डफ ऐकत मोठी झालेली माणसं माझ्या घरात होती, तरी पहिल्या भेटीत अजून कुणीतरी विचारतंच, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?

मध्यंतरानंतर 'चाक्रुलो' झालं. काखेतीचं हे गाणं आपल्याला माहीत असायला हवं, त्याचं कारण आपल्याच घरात आहे. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. कधी काळी कुणा परग्रहवासीयांना सापडली तर त्यांनी पृथ्वीचं संगीत ऐकावं म्हणून त्यात सत्तावीस तुकडे घातले. त्यात बाख आहे, बेथोव्हेन आहे, 'चाक्रुलो' आहे आणि गोव्याच्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला. केसरबाई मुंबईत गेल्या १६ सप्टेंबरला. सूर्याची हद्द मागं टाकून गेलेल्या त्या तबकडीत एक एकटा आवाज आहे आणि एक माणसांचा घोळका आहे, आणि दोघांच्या खाली सतत एक सूर आहे. केसरबाईंच्या खालचा तंबोऱ्याचा, हलत नाही. 'चाक्रुलो'तला माणसांच्या गळ्यातला, तो हलतो. याची मला पुढं चांगलीच अद्दल घडायची होती.

शेवटाकडं त्यांच्यातल्या सत्तरीच्या गृहस्थांनी पुढं येऊन चार वाक्यं सांगितली. भाचीनं कानात भाषांतर केलं. आता एक चर्चमधलं गाणं म्हणतो, यावर टाळ्या वाजवू नयेत. हे आमच्यापर्यंत आर्तेम एर्कोमाइश्विली यांच्यामुळं पोचलं.

हा माणूस मी परतल्यावर शोधला. आर्तेम यांचा जन्म १८८७चा, गुरियातल्या मक्वानेती गावचा. गाणं घराण्यात. वडील गिगो यांच्या आणि साथीदारांच्या आवाजाच्या तबकड्या १९०७ सालीच निघाल्या होत्या. आर्तेम यांना चर्चमधली गाणी शेकड्यांनी पाठ होती. पुढं सोव्हिएत राजवट आली, चर्चं बंद झाली, गाणाऱ्यांची जुनी पिढी एकेक करून संपत गेली. आर्तेम यांचे जोडीदारही गेले. १९६६ साल उजाडलं तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते आणि ही गायकी जुन्या गुरुपरंपरेनं येणारा, शिल्लक राहिलेला जवळजवळ शेवटचा माणूस होते. तिबिलिसीच्या संगीत महाविद्यालयातल्या लोकांनी त्यांना ध्वनिमुद्रणाला बोलावलं. पण तीन आवाजांचं गाणं एकट्यानं गायचं कसं?

त्यांनी असं केलं. आधी पहिला आवाज गाऊन टेपवर घेतला. मग तो टेप लावला आणि स्वतःचाच आवाज ऐकत दुसरा आवाज गायला, तोही मुद्रित केला. मग दोन्ही ऐकत तिसरा, बानीचा. अशी शंभराहून अधिक गाणी. दुसऱ्या वर्षी, १९६७ला, ते गेले.

ती मुद्रणं आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात. मी रात्री ऐकली. म्हाताऱ्या माणसाचा थकलेला आवाज एकटा चालत येतो. मग त्याच्या शेजारी आणखी एक म्हातारा येतो, तोच. मग तिसरा, तोच. हाक देणारा तोच, ओ देणारा तोच. सांगणारा, ऐकणारा, खाली सूर धरून बसणारा, सगळे तेच एक. मला ते फार वेळ ऐकवेना. आणि तरी आज तिबिलिसीत दहा माणसं जे गातात त्यातलं पुष्कळसं त्या एकट्या बसलेल्या माणसातून आलेलं आहे. आर्तेम यांचे नातू अँझोर यांनी १९६८मध्ये 'रुस्तावी' नावाचा गायकसंघ काढला, जुन्या तबकड्या जगभरातून शोधून आणल्या. २०२१मध्ये तेही गेले. आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून तरुण मंडळींनी चर्चमधलं गाणंही पुन्हा उचललं.

सभागृहात ते गाणं संपलं तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. खुर्च्यांचासुद्धा आवाज झाला नाही.

दोन दिवसांनी भाचीच्या घरमालकीणबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. त्यांचे दीर काखेतीहून द्राक्षांची तोडणी आटोपून आले होते. जॉर्जियातल्या मेजवानीला 'सुप्रा' म्हणतात आणि ती चालवणाऱ्याला 'तामादा'. आपल्या पंगतीतला श्लोक म्हणणारा आणि सूत्रसंचालक यांचं मिश्रण समजा. तो उठून बोलतो, कधी देशासाठी, कधी पाहुण्यांसाठी, कधी गेलेल्या माणसांसाठी, आणि मग सगळे पेला उचलतात. मी पीत नाही हे भाचीनं सांगितल्यावर क्षणभर शांतता पसरली. मग बाईंनी हिरव्यागार सरबताची बाटली आणली, तारखुना नावाच्या पाल्याचं. ते कपडे धुण्याच्या साबणासारखं दिसतं, पण चव वाईट नाही. वांग्यात अक्रोडाचं वाटण भरलेला पदार्थ तर असा होता की मी आमच्या भरल्या वांग्याशी बेइमानी करून दोनदा वाढून घेतला.

गेलेल्या माणसांसाठी पेले उचलले आणि दिरांनी गाणं सुरू केलं. त्यांच्या मुलानं दुसरी ओळ घेतली. टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी, बायकांनीसुद्धा, खालचा स्वर धरला. दिरांनी हातानंच मला खूण केली. धरा.

आता, सूर धरणाऱ्याच्या घरातला मी. म्हटलं, हे तर येतं. डोळे मिटले आणि षड्ज लावला. छान लागला. बाजूच्या म्हातारबाबांनी पाठ थोपटली. पाचसात क्षण मी त्या घरातलाच एक होतो. आणि मग त्या लोकांनी षड्ज हलवला! सगळी बानी एक पायरी सरकली आणि मी आपला जुन्या जागेवर एकटा, ठामपणे, मोठ्यानं. म्हातारबाबांनी कोपरानं ढोसलं. मी सरकलो, तोवर ते पुढं गेले होते. गाणं कसंबसं संपलं, सगळे पोट धरून हसले आणि तामादानं माझ्या नावानं पेला उचलला. भाचीनं ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. या पोरी काही सोडत नाहीत.

गावी आल्यावर ते मोठे अब्बांना ऐकवलं. शहाऐंशी वर्षांचे आहेत, एका कानानं कमी ऐकू येतं. मोबाइल दुसऱ्या कानाशी धरून बसले. माझी फजिती आली तिथं त्यांच्या चेहऱ्यावर रेष हलली नाही. संपल्यावर म्हणाले, "सूर सरकवतात होय रे? मग सनईवाल्यानं पाय कुठं ठेवायचा?"

मी म्हटलं, सगळे मिळून ठरवतात.

त्यावर काही बोलले नाहीत. मोबाइल पुन्हा कानाला लावला, डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "एकाचा दम सरला की बाजूचा भरतोय बघ. तो घेईपर्यंत हा थांबत नाही. आम्हाला सगळा गालात साठवायला लागायचा."

मग म्हणाले, "लाव परत."